चक्रावरची रेघ

रेघ दिसली ती रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, आणि ती दिसायला निमित्त झालं डोळ्याच्या ऑपरेशनचं. एर्विन बोडनारच्या दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून दहा दिवस झाले होते. रंग थोडे वेगळे वाटतील, घाबरू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण थोडे कसले, त्याच्या नकळत कुणीतरी घरभर रंगकाम करून गेल्यासारखं झालं होतं. स्वयंपाकघरातली जी भिंत तो बारा वर्षं पिवळट समजत आला ती स्वच्छ पांढरी निघाली. आर्डिसचा, म्हणजे बायकोचा, रोजचा स्वेटर करडा नव्हताच, चांगला जांभळा होता. "हा जांभळा आहे?" असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली, "नाही, तू झोपलास की मी रोज रंगवते," आणि ओट्याकडे वळली. तिच्या मानेवर एक बारीक वळी होती, तीही त्याला नव्यानेच दिसली. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला आपलंच घर असं उघडं पडलेलं दिसावं हे काही फार सुखाचं नसतं. पण एका गोष्टीची त्याला लहान पोरासारखी उत्सुकता होती. तळघरातल्या लोखंडी कपाटातलं पोलाद आता कसं दिसतं ते बघायची.

त्या कपाटात एकेचाळीस रिव्हॉल्वर होत्या. सगळ्या नेमबाजीच्या. कुणाला मारायला नव्हे, कागदावर भोक पाडायला घडवलेल्या. आणि ते भोक बरोबर काळ्या ठिपक्याच्या मध्यावर पडावं म्हणून कुणीतरी कानशीने, हाताने, महिनोन् महिने खपून ज्यांच्या चापाची ओढ मऊ केलेली आहे अशा. कपाटात पहिल्या महायुद्धाआधीच्या चार, बाकीच्या त्यानंतरच्या. एर्विनने आयुष्यभर टोलीडोच्या काचकारखान्यात बाटल्यांचे साचे कोरले. हजारो बाटल्या त्याच्या साच्यातून निघाल्या आणि फुटल्या. टिकणारं काहीतरी आपल्याकडे असावं ही त्याची हौस, आणि हौस म्हटली की तिला शेंडा-बुडखा नसतो. या संग्राहक मंडळींचं म्हणून एक वेगळंच शास्त्र असतं. जुनी वस्तू घासून लखलखीत केली की ती मेली. खोकं हवं, तेही त्याच नंबरचं. खोक्यातला मेणकागद हवा. आणि सगळ्यांवर ताण म्हणजे रिव्हॉल्वर न वापरलेली हवी. वापरायला केलेली वस्तू कुणी वापरली नाही, हाच तिचा मोठेपणा. एर्विनला हे कधी विचित्र वाटलं नाही. ज्याला वाटतं तो या छंदात पडतच नाही.

त्याच्या संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे के-बावीस. १९४० साली घडलेली, काडतुसांच्या सहा घरांची, बावीस बोअरची. कारखान्यात तपासणीला झाडलेल्या गोळ्या सोडल्या तर तिच्यातून एकही गोळी सुटलेली नव्हती. हे कशावरून, तर चक्रावरून. अशा रिव्हॉल्वरचं चक्र, म्हणजे काडतुसांची घरं असलेला गोल भाग, फिरतं तेव्हा खालची एक बारीक खिट्टी त्याच्या अंगावरून घासत जाते आणि पुढच्या खाचेत टक्कन बसते. फिरून फिरून तिथला निळा मुलामा झिजतो आणि चक्राभोवती एक चकचकीत रेघ उमटते. जाणकार माणूस आधी ती रेघ बघतो, मग मालकाच्या तोंडाकडे. के-बावीसवर तपासणीची केसाएवढी खूण तेवढी होती. एर्विन वर्षातून एकदा, जानेवारीत, पांढरे हातमोजे घालून तिला तेल लावायचा. तेव्हासुद्धा चक्र नुसतं बाहेर झुलवायचं, फिरवायचं नाही, आणि बंद करताना खाच नेमकी खिट्टीवर येईल असं बेतून, श्वास धरून आत लोटायचं. या जानेवारीत डोळ्यांमुळे ते राहून गेलं होतं. म्हणून रविवारी त्याने तिलाच आधी बाहेर काढलं, खिडकीखाली नेलं, आणि पोलाद खरोखरच निळं दिसलं. संध्याकाळ उतरून गेल्यावर तळ्याचं पाणी जसं थोडा वेळ निळं राहतं तसं. तो स्वतःशीच हसला. मग त्याने ती जराशी कलती केली आणि चक्राभोवतीची रेघ दिसली. केसाएवढी नव्हती. बुटाच्या नाडीएवढी रुंद होती, पूर्ण फेरा मारून आलेली, आणि मध्ये तर पांढरं पोलाद उघडं पडलं होतं.

पहिल्यांदा त्याला वाटलं डोळ्यांचाच काही खेळ असेल. भिंग आणलं. भिंगातून ती आणखी रुंद दिसली. अशी रेघ एका दिवसात होत नाही, एका वर्षातही नाही. आपण वर्षानुवर्षं गढूळ डोळ्यांनी तिच्यावरून फडकं फिरवत आलो, आणि दर एप्रिलात संग्राहकांच्या मेळाव्यात छाती काढून 'न फिरवलेली' म्हणत आलो. कानशिलं तापली. पण ही लाज वरवरची होती, तिच्या मागून दुसरं काहीतरी वर येत होतं, सावकाश. कपाटाच्या किल्लीची जागा दोनच माणसांना ठाऊक. मुलगी कोरिन ओरेगॉनला जाऊन वीस वर्षं झाली. राहिली कोण. त्याने सवयीने चक्र बाहेर झुलवलं आणि सहाही घरांच्या कडा भिंगाखाली धरल्या. बावीस बोअरच्या हत्याराचा घोडा रिकाम्या घरावर पाडला की आतली टोची पोलादाच्या कडेवर आपटते आणि तिथे बारीक खळगा पडतो. खळगा नव्हता. सहाही कडा कोऱ्या. म्हणजे कुणीतरी घोडा चढवला होता, आणि पाडला नव्हता. अंगठ्याने धरून हळूच खाली आणला होता. पुन्हा चढवला होता, पुन्हा खाली आणला होता. शेकडो वेळा. पोलाद वाचायला शिकलेल्या माणसाने पोलाद वाचलं, आणि भिंग खाली ठेवलं. वर आर्डिस कसलीशी बरणी उघडत होती. झाकण घट्ट बसलं असावं. ती ओट्यावर ते आपटत होती, एकदा, दोनदा, आणि मग उघडलं.

एकोणीस वर्षांपूर्वीचा हिवाळा आपण कुठे ठेवला होता ते त्याला त्या क्षणी कळलं. फेकलेला नव्हता, नीट गुंडाळून ठेवलेला होता. नोव्हेंबरात आर्डिसची आई गेली, आणि आर्डिस गप्प झाली. रडणं नाही, भांडण नाही. सकाळी उठायची नाही, उठली तर खिडकीपाशी बसायची, केस न विंचरता. तो कामावरून यायचा, त्याच्या आईच्या पद्धतीने कोंबडीचा लाल रस्सा करायचा, तिच्यापुढे ठेवायचा, तो तसाच गार व्हायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मंगळवारी तो नेमबाजीच्या लीगला जायचा, तेवढे दोन तास सुटल्यासारखं वाटायचं, आणि परत येताना त्या सुटकेचीच शरम वाटायची. आपण तिला त्रास देत नाही, काही विचारत नाही, हा आपला समजूतदारपणा आहे असं तो स्वतःला सांगायचा. फेब्रुवारीत कधीतरी ती उठली. एक दिवस घरात शिरला तर कांदा परतल्याचा वास. त्याने तेव्हाही काही विचारलं नाही. बरं झालेल्या गोष्टीला बोट कशाला लावा. आणि आता हे. त्या हिवाळ्यात कपाटाची किल्ली लपवायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

दोन दिवस त्याने तिच्याकडे चोरून पाहण्यात घालवले. ती नेहमीसारखी होती, आणि तेच वाईट होतं. पक्ष्यांना दाणे घालत होती, शेजारच्या बाईशी फोनवर बर्फ उपसणाऱ्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होती. तिचे हात मात्र त्याला वेगळे दिसायला लागले. उजव्या हाताचा अंगठा लांब, मागे वळणारा. तो अंगठा घोड्यावर कसा बसत असेल हे डोळ्यांपुढून जाईना. रस्त्यावर माणसं काय काय सोसून जगतात हे त्याला ठाऊक होतं, पण आपल्याच जेवणाच्या टेबलाशी समोर बसून कुणी एवढं एकटं असेल, आणि आपण त्याला मीठ दे, मिरी दे म्हणत असू, हे त्याच्या पचनी पडेना. त्यात होमरचा फोन आला. होमर लिंडक्विस्ट म्हणजे चाळीस वर्षांचा दोस्त आणि तेवढ्याच वर्षांचा प्रतिस्पर्धी.

"बोडनार, कार्ड लिहिलंस का?"

"लिहितोय."

"चार शब्दांना तुला चार आठवडे लागतात? एप्रिलात मेळावा आहे, पुढच्या जन्मी नाही. या वेळी मधलं टेबल तुला दिलंय. मला नाही दिलं, तुला दिलं. काय करणार, माझं नशीबच फुटकं."

"तू कधी आलास तर बघून घे ती एकदा, होमर."

"काय बघायचंय? तू लिहिलंस न फिरवलेली, की न फिरवलेली. तुझं खोकं आम्ही उघडूनसुद्धा बघत नाही. आर्डिसवहिनीला सांग, त्या अक्रोड भरलेल्या गोड गुंडाळीचे दोन तुकडे माझ्यासाठी बाजूला ठेव म्हणावं."

कार्ड त्याच्या समोरच होतं. जाड, पांढरं, मेळाव्यात हत्यारापुढे ठेवायचं; मालकाने स्वतःच्या हाताने लिहायचं, अशी पद्धत. त्याने वर्ष लिहिलं, नंबर लिहिला, आणि पेन खाली ठेवलं. के-बावीस त्याच्याकडे आली ती गोष्ट तो दर मेळाव्यात सांगायचा आणि लोक दरवेळी हसायचे. सरोवराकाठी आर्डिसच्या माहेरच्या गावात लोखंडी सामानाचं एक दुकान होतं. दुकानदार मेला तेव्हा मागच्या खोलीत ही मेणकागदात तशीच सापडली. विधवेचा जावई म्हणाला, बघायची वस्तू मला नको, झाडायची द्या. आणि झाडायची आर्डिसकडे होती. काचकारखान्याच्या बायकांच्या संघातली ती सगळ्यांत पक्क्या हाताची; बायका सहाला नेम धरायच्या, पुरुष सातला, आणि एर्विनने तिला पहिल्यांदा पाहिलं ते ती बाहेर पडताना, फडक्याने नळी पुशीत. त्या आठवड्यात तिचे गुण त्याच्यापेक्षा अकराने जास्त होते. मग लग्न, मग कोरिन, आणि मंगळवारी दोघांपैकी एकाने घरी राहायला हवं. "पुढच्या वर्षी तू जा," तो म्हणाला होता. तिची रिव्हॉल्वर टोकाशी पांढरी पडलेली, मूठ तिच्या तळव्याने गुळगुळीत झालेली. "देऊन टाक," ती म्हणाली, कोरिनला कडेवर घेऊन, "मी आता कुठे जातेय." देऊन टाकली. 'बायकोने नेम सोडला म्हणून मला हे रत्न मिळालं,' असा त्या गोष्टीचा शेवट होता. त्या दिवशी कार्डापुढे बसून त्याने तो शेवट एकदा स्वतःशी पुटपुटून पाहिला. हसू आलं नाही.

मंगळवार उजाडला. दुपारी ती दुकानात गेल्यावर तो तळघरात उतरला आणि चक्राच्या एका खोबणीत, अगदी वरच्या, त्याने मोहरीच्या निम्म्याएवढा मेणाचा ठिपका लावला. हात चोराचे होते आणि त्याला ते कळत होतं. घरात बावीस बोअरची जेवढी काडतुसं होती, फाटक्या खोक्यातली सुटी धरून, सगळी त्याने लीगच्या पेटीत भरली. पेटी इतकी जड झाली की आर्डिस म्हणाली, "आज काय लढाई आहे का?" लीगमध्ये त्याने इतका वाईट नेम धरला की लोकांनी नव्या डोळ्यांना शिव्या घातल्या. परत आला तेव्हा ती दिवाणखान्यात शब्दकोडं सोडवत होती. "कसा झाला नेम?" तिने विचारलं. "ठीक," तो म्हणाला. गाल किंचित लाल होते तिचे. हेही पूर्वी दर मंगळवारी असेच असत का? त्याला आठवेना, गढूळ डोळ्यांना गालांचा रंग कुठला दिसायला. बुधवारी सकाळी खाली जाऊन पाहिलं. ठिपका वरच्या खोबणीतून दोन घरं खाली सरकला होता. म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वीचं काही नव्हतं हे. काल संध्याकाळचं होतं.

तो वर आला. ती कॉफी ओतत होती. बाहेर नदीवरचा बर्फ तडकल्याचा आवाज आला, त्या दिवसांत येतो तसा.

"आर्डिस, के-बावीस कुणी फिरवली?"

तिने कॉफी सांडली नाही. किटली खाली ठेवली, हात पुसले. "मी."

"काल?"

"काल. त्याच्या आधीच्या मंगळवारी. त्याच्याही आधीच्या." मग तिचे डोळे बारीक झाले. "तुला कसं कळलं रे? काही खूण केली होतीस?"

"मेणाचा ठिपका."

"म्हणजे माझ्यावर पाळत."

"मला भीती वाटली."

"कशाची? तुझ्या निळ्या मुलाम्याची?"

"तुझ्या जिवाची," तो म्हणाला. "घोडा चढवलेला आहे आणि पाडलेला नाही. कडेला खळगा नाही. कुणीतरी चढवतं आणि खाली आणतं, चढवतं आणि खाली आणतं. मला तो हिवाळा आठवला. मी तेव्हा काही विचारलं नाही. आता विचारतोय."

तिने कॉफीचा कप त्याच्यापुढे सरकवला. मग खुर्ची ओढून बसली, आणि त्याच्या अपेक्षेबाहेरची गोष्ट म्हणजे तिच्या तोंडाच्या एका कोपऱ्यात हसू आलं. "अरे वेड्या," ती म्हणाली, "खळगा कसा पडेल? माझ्या बापाने मला काहीच शिकवलं नव्हतं का?" उठून तिने फळीवरचा बटणांचा डबा खाली काढला आणि टेबलावर उपडा केला. कोटाची बटणं, सदऱ्याची बटणं, कोरिनच्या लहानपणच्या फ्रॉकाची बदकाच्या आकाराची दोन, आणि त्यांत पितळेच्या सहा रिकाम्या पुंगळ्या. झाडलेल्या काडतुसांच्या. त्या घरांत घातल्या की घोड्याचा मार त्यांच्यावर बसतो, पोलाद वाचतं. एर्विनने त्या ओळखल्या. दरेकीच्या बुडाला इतके मार होते की पितळ चेपून कागदासारखं झालं होतं. "घोडा मी दर वेळी पाडते," ती म्हणाली. "न पाडता काय करायचं त्याचं?"

"एकोणीस वर्षं? दर मंगळवारी?"

"तुला ताप असायचा ते मंगळवार सोड. त्या दिवसांत फार राग यायचा तुझा."

मग तिने सांगितलं, पुंगळ्या एकीपुढे एक उभ्या करत, त्याच्याकडे न बघता. त्या हिवाळ्यात एका मंगळवारी तो गेल्यावर ती तळघरात उतरली. कशासाठी ते तिला खरंच ठाऊक नाही. तू विचारशील म्हणून मी पुष्कळदा आठवून पाहिलं, ती म्हणाली, पण तू विचारलंच नाहीस. कपाट उघडलं आणि सगळ्यांत लहान मुठीची म्हणून हीच उचलली. बाकीच्या सगळ्या पुरुषांच्या पंजाच्या. उचलली आणि हात आपोआप वर गेला. खांदा खाली, कोपर सरळ, डावा हात खिशात. अठरा वर्षांत एकदा धरलं नव्हतं, पण हात विसरला नव्हता. नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो बारीक उंचवटा, मागच्या खाचेत येऊन बसली आणि थरथरायला लागली, आणि तिला त्या थरथरण्याचा भयंकर राग आला. "कितीतरी महिन्यांनी मला कशाचा तरी राग आला," ती म्हणाली. "पुढच्या मंगळवारी ती थांबवायचीच म्हणून मी उठले. त्यासाठी जेवायला लागले. पोटात काही नसलं की हात हलतो."

एर्विनला आधी सुटल्यासारखं झालं. मग मागोमाग जे आलं त्याला काय म्हणावं ते त्याला कळेना. आपल्या लाल रश्श्याने, आपल्या समजूतदारपणाने, डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती बरी झाली असं तो एकोणीस वर्षं मानत आला होता. "दाखव ना एकदा," तो म्हणाला. "मी काय सर्कशीतली आहे?" ती म्हणाली. पण मग उठली, सहा पुंगळ्या मुठीत घेतल्या आणि पुढे झाली. तळघरात ती कपडे धुण्याच्या यंत्रापाशी उभी राहिली, तिची ती जागा असावी, पाय न बघता तिथे टेकले. चक्र उघडून सहाही घरं बघितली, पुंगळ्या घातल्या, पलीकडच्या दगडी भिंतीवरच्या पाण्याच्या मीटरचा काळा गोल नेमात धरला. डावा हात जांभळ्या स्वेटरच्या खिशात गेला. घोडा पडताना माशी हलते. कितीही सरावलेला माणूस असो, जराशी हलतेच, आणि तेवढ्यात नेमबाजाची सगळी कुंडली असते. एर्विन बाजूने बघत होता. घोडा पडला. माशी जिथे होती तिथेच होती. पुन्हा पडला. पाच वेळा, सहा वेळा. लीगमध्ये असा हात त्याने चाळीस वर्षांत दोनदा पाहिला होता, आणि स्वतःचा तर तसा कधीच नव्हता. ही बाई आपल्या घरात होती आणि आपण श्वास धरून पोलाद सांभाळत बसलो, असं त्याच्या मनात स्पष्ट, शब्दांत आलं.

"शनिवारी चल," तो म्हणाला. "आपण दोघं जाऊ. खरी काडतुसं घालून. हीच घेऊन."

तिने हात खाली आणला. "ही?"

"हीच."

आपण काय बोलतोय हे त्याला ठाऊक होतं. सत्त्याहत्तर वर्षं जिच्यातून कुणी गोळी झाडली नाही ती. एक गोळी आणि तिचं ते सगळं गेलं, परत न येण्याजोगं. तो ते द्यायला तयार होता आणि त्याला वाटलं हे फार मोठं आहे. आर्डिसला ते मोठं आहे हे कळलं. तिच्या चेहऱ्यावर माया आली. तरी तिने मान हलवली.

"तेव्हा विचारलं असतंस ना, तर कोरिनला शेजारणीकडे टाकून धावत आले असते. 'पुढच्या वर्षी' म्हणालास. मी खरंच पुढच्या वर्षाची वाट बघितली. मग त्याच्या पुढच्या." ती रागाने बोलत नव्हती. "आता नको. तो धडाका नको, आणि तुमचं ते 'वा वहिनी, कमाल वहिनी' नको. होमर तर टाळ्यासुद्धा वाजवेल."

"मग तुला काय हवंय? सांग, ते करू."

"काही नको होतं, एर्विन. तेच तर होतं. ते दोन तास मी कुणाची आई नव्हते, कुणाची बायको नव्हते, कुणाला ठाऊकच नव्हते. आता तुला ठाऊक झालं. आता मी हात वर केला की तू जिन्यावर उभा असशील. नसलास तरी असशील."

तिने चक्र उघडलं, पुंगळ्या तळव्यावर पाडल्या, नळी जमिनीकडे धरून रिव्हॉल्वर त्याच्या हातात दिली, शिस्तीने, जशी द्यायची असते तशी. मग जिना चढून गेली. वर डब्यात बटणं भरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

होमरला त्याने फोनवर सांगितलं, मधलं टेबल तू घे, माझी फिरवलेली आहे. "काय बोलतोस! कुणी फिरवली?" "आहे एक. माझ्याहून चांगला हात आहे." होमरने अर्धा मिनिट शिव्या हासडल्या, मग घसा खाकरून म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून कळलं बघ, नाहीतर कुणी बघितलं नसतं," आणि फोन ठेवला. मंडळींत थोडी कुजबुज झाली, थोड्या माना हलल्या. एर्विनला वाटलं होतं तेवढं ते लागलं नाही. लागत होते ते मंगळवार. मार्च गेला, एप्रिल निघाला. तो नऊला यायचा, ती शब्दकोड्यापाशी असायची, "कसा झाला नेम?" विचारायची, आणि तिचे गाल फिकट असायचे. आता त्याला रंग दिसत होते. मेणाचा ठिपका त्याने पुन्हा लावला नाही. लावायची गरजच नव्हती. बटणांच्या डब्यावर धूळ धरली होती. ती आजारी नव्हती, गप्प नव्हती, पक्ष्यांना दाणे घालत होती. नुसती खांद्यात जराशी उतरली होती. मुलामा परत चढवता येत नाही हे तो इतरांना शिकवायचा. आपण जे घासून टाकलं ते त्याहून नाजूक होतं, आणि प्रेमानेच घासलं होतं, आणि त्याला त्याचं दुःख सकाळ-संध्याकाळ होत होतं. माफी मागावी तर कशाची मागावी? विचारल्याची, की सदतीस वर्षं न विचारल्याची? दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एका वाक्यात बसत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी लीग उन्हाळ्यापुरती बंद झाली. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर आर्डिसनेच तसं लिहून ठेवलं होतं, दर वर्षी लिहायची तसं. पुढच्या मंगळवारी साडेसहाला एर्विनने कोट घातला, कपाटाची किल्ली नेहमीच्या जागी लटकते आहे हे न बघितल्यासारखं बघितलं, आणि लीगची पेटी उचलली. ती रिकामी होती. रिकामी पेटी हातात कशी लोंबते हे नेमबाजाला लांबूनही कळतं, आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी शब्दकोडं घेऊन नेमबाज बसलेली होती. तिने पेटीकडे पाहिलं. कॅलेंडरकडे पाहिलं. मग पुन्हा कोड्यात मान घातली.

"निघालास?"

"हं."

"किती वाजता येशील?"

"नेहमीसारखा. नऊला."

तिने एक शब्द भरला, अक्षरं मोजली, खोडला. तो दाराशी उभाच होता. पेन्सिल दातांत धरून ती कोड्याकडेच बघत म्हणाली,

"साडेनऊ कर."